संकल्पाचा खाडा

मराठी माणसाकडे भांडवल कमी असेल, पण नव्या वर्षांचा तुटवडा त्याला कधी पडलेला नाही. १ जानेवारी साऱ्या जगाचा, तो आपण घेतोच. तो हुकला तर गुढीपाडवा आहे. पाडव्याला श्रीखंड अंमळ जास्त झालं तर १ एप्रिल आहे. आर्थिक वर्ष सुरू होतं, निदान काटकसरीचा संकल्प तरी सोडता येतो. मध्ये कुठेतरी स्वतःचा वाढदिवस येऊन जातो. पावसाळ्यात चातुर्मास बसतो आणि दिवाळीत पुन्हा पाडवा. दर महिन्याची एक तारीख आणि दर आठवड्याचा सोमवार हे वर किरकोळीत. सुरुवात करायला एवढे मुहूर्त हाताशी असल्यावर शेवट करायची घाई कोणाला असणार?

२०१४ साली अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी हेच शोधून काढलं. आठवडा, महिना, वर्ष किंवा सत्र नव्याने सुरू झालं की लोक व्यायामशाळेकडे जास्त वळतात आणि ‘डाएट’ हा शब्द इंटरनेटवर जास्त धुंडाळतात. पण ते पुण्यात आले नाहीत, त्यामुळे सुरुवातीच्या आदल्या संध्याकाळी काय होतं हे त्यांच्या हाती लागलं नाही. आपल्याकडे चातुर्मासात कांदा-लसूण सोडायचा, म्हणून एकादशीच्या दोन दिवस आधी कांदेनवमी असते. त्या दिवशी कांदाभजी, कांद्याची थालीपीठं, कांद्याचा झुणका, असं ज्याला सोडचिठ्ठी द्यायची त्याचंच साग्रसंगीत केळवण होतं. श्रावणाआधीच्या दिव्याच्या अवसेलाही काही घरांत असाच एक निरोपसमारंभ होतो. त्याबद्दल इथे अधिक लिहीत नाही. हे मासिक आमच्या घरी येतं आणि सगळेजण वाचतात.

आमच्या घरात ध्येयं आणली ती माझ्या मेव्हण्याने. तो हिंजवडीत काम करतो आणि दर शनिवारी आमच्याकडे जेवायला येतो. त्याच्या खोलीत एक ‘व्हिजन बोर्ड’ आहे. त्यावर बर्फाच्छादित शिखराचा फोटो आहे, एका गाडीचा आहे आणि पोटावर घड्या पडलेल्या एका गृहस्थाचा आहे. शिखर, गाडी आणि घड्या या क्रमाने मिळवायच्या की एकदमच, हे मी अजून विचारलेलं नाही.

“दाजी,” आमटीत पोळी बुडवत तो म्हणाला, “येल युनिव्हर्सिटीत १९५३ साली एक स्टडी झाला. पास होणाऱ्या मुलांपैकी फक्त ३ टक्क्यांनी आपली ध्येयं कागदावर लिहून काढली होती. वीस वर्षांनी बघितलं, तर त्या ३ टक्क्यांकडे बाकीच्या ९७ टक्क्यांपेक्षा जास्त पैसा होता!”

बायकोने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत ९७ टक्क्यांच्या बायकांचं सगळं दुःख होतं.

जेवण झाल्यावर मी जरा शोधाशोध केली. हा अभ्यास कधी झालेलाच नाही. १९९६ साली एका अमेरिकी मासिकाने त्याचा माग काढला, तेव्हा एक व्याख्याता दुसऱ्याकडे बोट दाखवी आणि दुसरा तिसऱ्याकडे. खुद्द येलकडे असल्या कुठल्याही अभ्यासाची नोंद नाही. काही ठिकाणी हेच ३ टक्के हार्वर्डचे असतात आणि साल १९७९ असतं. पुढच्या शनिवारी मी हे सगळं मेव्हण्यापुढे मांडलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “स्टडी झाला नसेल दाजी, पण त्यांचा पॉइंट तर बरोबर आहे ना?”

अशा माणसाशी वाद घालता येत नाही, त्याला फक्त वाढता येतं. त्याने लॅपटॉप उघडला आणि घरातल्या प्रत्येकाच्या नावापुढे रकाने पाडले. ‘स्मार्ट’ नावाची ही पद्धत जॉर्ज डोरन नावाच्या सल्लागाराने १९८१ साली लिहिली. ध्येय नेमकं हवं, मोजता यायला हवं, आवाक्यातलं हवं, त्याला मुदत हवी, वगैरे. कंपन्यांच्या व्यवस्थापकांसाठी लिहिलेली गोष्ट हिंडत हिंडत आमच्या डायनिंग टेबलावर आली होती.

माझ्यापासून सुरुवात झाली. मी म्हणालो, “तब्येतीकडे लक्ष देणे.”

“किती?”

“म्हणजे… बऱ्यापैकी.”

“कधीपर्यंत?”

“आता लक्ष द्यायचं म्हणजे कायमच द्यायला हवं ना.”

माझी ओळ कोरी ठेवून तो पुढे सरकला. सासूबाई तेव्हा गुडघ्याच्या उपचारांसाठी वाईहून आमच्याकडे आल्या होत्या. त्या कोपऱ्यात मांडी न घालता, खुर्चीत बसून भेंडी चिरत होत्या.

“आई, तुझं गोल काय?”

“माझं कसलं रे गोल. लाख वाती करायच्यात.”

“ओके. मोजता येतं का?”

“लाख म्हटलं ना.”

“डेडलाइन?”

“कार्तिकी एकादशी.”

“आवाक्यात आहे का?”

“तुझ्या आजीनं केल्या होत्या. तिला तर चष्मासुद्धा नव्हता.”

“आणि का करायच्यात?”

“बोलले होते देवाला. तुझी नोकरी लागली तेव्हा.”

भेंडी चिरून व्हायच्या आत त्यांचे सगळे रकाने भरले. मेव्हणा स्क्रीनकडे बघत राहिला. गेली कित्येक वर्षं तो कचेरीत माणसांना जे शिकवायचा प्रयत्न करत होता, ते त्याच्या आईला आषाढी एकादशीपासून आपोआप येत होतं.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. चातुर्मासात बायका नेम धरतात, त्यांतला एक लाख वातींचा. सरकी काढलेला कापूस घ्यायचा, बोटं दुधात किंचित ओली करायची, चिमूटभर कापूस ओढून तळहातावर वळायचा. शंभर झाल्या की दोऱ्याने बांधून जुडी. जुड्या बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात. लाख भरल्या की उद्यापन: तुपात भिजवून देवळात सगळ्या एकत्र पेटवायच्या. मी एकदा सासूबाईंशेजारी बसून वळून पाहिली. माझी वात मध्ये जाड आणि दोन्ही टोकांना गायब झाली. त्यांनी ती उचलून उजेडात धरली आणि जावयाचा मान राखत म्हणाल्या, “असू दे, निरांजनात चालेल.” ती निरांजनात मी तरी पाहिली नाही.

मेव्हण्याने गणित मांडलं. चातुर्मास साधारण ११८ दिवसांचा, म्हणजे रोजच्या ८४८ वाती. सासूबाई म्हणाल्या, “मी नऊशे धरते. गौरी-गणपतीत जमत नाही, पाहुणे येतात, एखाद्या दिवशी हात दुखतो.” म्हणजे सहा-सात दिवस अडीअडचणीला राखून ठेवलेले. हे ऐकून मला आदर वाटला, कारण भले भले इथेच गोते खातात. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना विचारलं होतं, प्रबंध किती दिवसांत हातावेगळा कराल? त्यांनी सरासरी ३४ दिवस सांगितले. लागले ५५. आपल्या कामाचा अंदाज बांधताना माणूस गौरी-गणपती धरतच नाही. वाटेत कोणी पाहुणा येणार नाही आणि कुठलंच बोट दुखणार नाही, असं त्याला मनापासून वाटत असतं.

अर्थात, अंदाज इतका चुकूनही भलं होतं, असं एक उदाहरण आपल्याच घरचं आहे. पांडुरंग वामन काणे ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाची आवृत्ती तयार करत होते. त्याला जोडून धर्मशास्त्राच्या इतिहासावर एक प्रस्तावना लिहावी असं त्यांच्या मनात आलं. त्या प्रस्तावनेचा पहिला खंड १९३० साली निघाला आणि पाचवा पुरा व्हायला १९६२ उजाडलं. सहा हजारांहून अधिक पानं झाली, काणे ऐंशी पार करून गेले आणि पुढच्या वर्षी भारतरत्न झाले. मेव्हण्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “यात स्कोप कंट्रोल नव्हता.” खरं आहे. पण मला त्यातली सुरुवात आवडते. ‘मी धर्मशास्त्राचा पंचखंडी इतिहास लिहीन’ असं भिंतीवर चिकटवलं असतं, तर त्या माणसानेसुद्धा आधी बोर्डासाठी चांगलासा फोटो शोधण्यात महिना घालवला असता.

सासूबाई वाती वळत त्या फक्त संध्याकाळी, मालिका सुरू असताना. ओळीने तीन मालिका, तेवढ्यात नऊशे. वाती नसतील तर टीव्ही लावायचा नाही, हा त्यांनी स्वतःलाच घातलेला दंडक. एकदा कापूस संपला होता. नायिकेला विष दिलं जाणार होतं, आणि तरी त्या स्वयंपाकघरात जाऊन बसल्या, “काय झालं गं?” असं मात्र तिथून दर पाच मिनिटांनी विचारत होत्या. शेवटी मलाच चपला घालून कापूस आणावा लागला. कॅथरीन मिल्कमन या संशोधिकेने व्यायामशाळेत याच धर्तीचा प्रयोग केला होता: रंगतदार कादंबऱ्यांचं ध्वनिमुद्रण ऐकायचं तर फक्त तिथे येऊनच. सुरुवातीला लोकांचं येणं जवळजवळ निम्म्याने वाढलं. मग थँक्सगिव्हिंगची सुट्टी आली आणि गाडी घसरली. त्यांच्याकडे एकच सुट्टी होती. श्रावण, गौरी, नवरात्र आणि दिवाळी पार करून दाखवा म्हणावं.

इथे एक खुलासा करून टाकतो. ‘आपल्या पूर्वजांना हे सगळं ठाऊकच होतं’ असं म्हणणाऱ्या व्हॉट्सअॅपवरच्या पंगतीत मला कृपया बसवू नका. पूर्वजांना ठाऊक असतं तर आमच्या घराण्यातला एक तरी पुरुष सडपातळ निघाला असता. हे ठाऊक होतं ते फक्त बायकांना, आणि पुरुषांनी ते ‘बायकांचं काहीतरी’ म्हणून सोडून दिलं.

पुरुषांच्या कानावर पडतं ते पूजेतल्या संकल्पात, पण तेव्हा आपलं लक्ष शिऱ्याकडे असतं. गेल्या श्रावणात सोसायटीच्या सत्यनारायणाला आम्ही दोघं बसलो होतो. गुरुजींनी जंबुद्वीपापासून सुरुवात केली. भरतवर्ष झालं, दंडकारण्य झालं, गोदावरीचा दक्षिण तीर झाला. शालिवाहन शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. मग माझं गोत्र, माझं नाव आणि एवढं सगळं कशासाठी ते. मग ताम्हनात पाणी. आजवर मला वाटायचं, हे दक्षिणेच्या प्रमाणात वाढवलेलं असतं. पण पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाचं सगळं नाव याच एका गोष्टीवर झालं आहे. नुसतं ‘मी करीन’ म्हणू नका. कधी, कुठे आणि काय झाल्यावर करीन ते सांगा. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना नाताळची आदली संध्याकाळ कशी घालवली हे दोन दिवसांत लिहून पाठवायला सांगितलं होतं. त्यांतल्या निम्म्यांकडून कधी आणि कुठे बसून लिहिणार हे आधी वदवून घेतलं. त्यांच्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांनी पाठवलं. बाकीच्यांपैकी एक तृतीयांश जणांनी.

म्हणजे गुरुजी माझ्या संकल्पाला थेट नदीच्या कोणत्या काठावर उभा आहे तिथपर्यंत पत्ता देतात, आणि मी स्वतः संकल्प करतो तो ‘जमेल तसं फिरायला जाईन’ असा. त्यावर दुसऱ्याच आठवड्यात पाणी सोडलं जातं, आणि त्यासाठी ताम्हनही लागत नाही.

तर मीही पत्ता ठरवला. सकाळी सहा वाजता, चहाचा कप विसळून पालथा घातला की बूट घालायचे आणि टेकडीवर जायचं. कप पालथा घालणं महत्त्वाचं. तो हातात असेपर्यंत पेपर उघडता येतो, पेपर उघडला की खुर्ची लागते आणि खुर्चीत बसलं की टेकडी खिडकीतूनही छान दिसते.

आता खाड्याकडे येतो. आमच्या स्वयंपाकघरात ओट्याशेजारच्या खिळ्याला कालनिर्णय असतं. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ते सुरू केलं तेव्हा तिथी, सण आणि मुहूर्त हा त्यांचा हेतू असणार. पण मराठी गृहिणीने त्या चौकोनांचा खरा उपयोग ओळखला. आमच्याकडे ‘दू’ लिहिलं की त्या दिवशी दूध आलं नाही. ‘मा’ म्हणजे कामाच्या मावशी आल्या नाहीत. ‘इ’ म्हणजे इस्त्रीवाला. महिनाअखेरीला खाडे मोजून हिशेब होतो, आणि त्यात आजवर भांडण झालेलं नाही, कारण लिहिलेलं दिसतं आणि स्वयंपाकघरात येणाऱ्या प्रत्येकाला दिसतं. माझं फिरणं सुरू झालं तेव्हा बायकोने मलाही त्या तक्त्यावर घेतलं. मी न गेलेल्या दिवशी चौकोनात ‘अ’. अ म्हणजे अहो. नाव घ्यायची पद्धत नाही, आणि आद्याक्षर पुरतं.

पहिला महिना संपला. मुलाने नेहमीप्रमाणे दुधाचा हिशेब केला आणि दूधवाल्याच्या हातात पैसे ठेवले. तो दारातच मोजत उभा राहिला.

“कमी आहेत, वहिनी.”

मुलगा कालनिर्णय घेऊन बाहेर आला. “हे काय, इतके दिवस तुम्ही अर्धाच लिटर टाकलाय. ‘अ’ लिहिलंय बघा. हा अ, हा अ, हा अख्खा आठवडा अ.”

“आपण एक दिवस पण अर्धा टाकलेला नाही!” दूधवाला भडकला. समोरचं दार उघडलं. वरच्या जिन्यावर कोणीतरी थांबलं. बायको हात पुसत बाहेर आली आणि तिला सगळ्यांसमक्ष सांगावं लागलं की ते अर्ध्या लिटरचे नाहीत, साहेबांचे खाडे आहेत.

दूधवाल्याने कालनिर्णय हातात घेतलं आणि पानभर नजर फिरवली. मग माझ्याकडे बघून, धंद्यातल्या माणसाच्या सुरात म्हणाला, “साहेब, इतके खाडे मी केले असते तर वहिनींनी दुसरा दूधवाला बघितला असता.”

तेव्हापासून तो सकाळी सहाला पिशव्या ठेवताना बेल वाजवतो. मी बुटात दिसलो तर मान हलवतो आणि जातो. लुंगीत दिसलो तर विचारतो, “आज खाडा का?” जगातली कितीतरी ॲप्स आहेत, ती फोनच्या पडद्यावर चिमुकली ज्योत पेटवतात, टाळ्या वाजवतात, ‘तुमची आठवण येतेय’ असं खोटंच कळवतात. त्यांना बोटाने बाजूला सारता येतं. दोन पिशव्या हातात घेऊन उंबऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला बाजूला सारता येत नाही.

बेंजामिन फ्रँकलिनची गंमत इथेच झाली असं माझं मत आहे. त्याने तेरा सद्गुणांची यादी केली होती. प्रत्येकाला एक पान, पानावर आठवड्याचे सात रकाने, आणि चूक झाली की काळा ठिपका. एका आठवड्यात एका गुणावर भर, म्हणजे तेरा आठवड्यांत एक फेरी आणि वर्षात चार फेऱ्या. हिशेब इतका चोख की कोणाही गृहिणीने त्याला दुधाचं खातं सोपवावं. नव्या फेरीला जुने ठिपके खोडून तीच पानं वापरायची, त्यामुळे वहीला भोकं पडली; मग त्याने ओल्या स्पंजाने पुसता येतील अशी हस्तिदंती पानं केली. सर्वांत जास्त छळलं त्याला व्यवस्थितपणाने, हे त्यानेच लिहून ठेवलं आहे. खाडे मांडणारा आणि करणारा एकच असला की असंच व्हायचं. आमच्याकडे बॉलपेन असतं आणि ते माझ्या हातात नसतं.

चौथ्या मजल्यावरच्या काकांना मात्र असली उघड वही मंजूर नाही. त्यांच्या मुलाने अमेरिकेहून मनगटी घड्याळ पाठवलंय. ते पावलं मोजतं आणि मुलाला तिकडे कळवतं. रोज दहा हजार व्हायला हवीत. दहा हजारच का, असं मी विचारलं तर म्हणाले, “सायन्स आहे.” सायन्स असं की १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर जपानमध्ये चालायची टूम निघाली, आणि १९६५ साली तिथल्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं. त्याच्या नावातच दहा हजार होते. गोल आकडा, लक्षात राहायला बरा. अलीकडे, २०१९ मध्ये, अमेरिकेतल्या वयस्कर स्त्रियांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की रोज ४,४०० पावलं चालणाऱ्यासुद्धा जेमतेम २,७०० चालणाऱ्यांपेक्षा फायद्यात होत्या, आणि साडेसात हजारांच्या पुढे तो फायदा वाढत नव्हता. मी काकांना ही शुभवार्ता दिली. ते म्हणाले, “हे मुलाला तू कळव.” गणपतीत त्यांचा प्रश्न आपोआप सुटला. टाळ्या वाजवल्या तरी ते घड्याळ पावलं धरतं, असं त्यांना पहिल्याच आरतीला उमगलं. त्या दहा दिवसांत सोसायटीच्या दोन्ही वेळच्या आरत्यांना काका सर्वांत पुढे होते. मंत्रपुष्पांजलीलाही टाळ्या वाजवत होते.

याच काकांच्या डोक्यातून भिशीची कल्पना निघाली. आमच्या इमारतीत बायकांची भिशी वर्षानुवर्षं चालू आहे आणि तिच्यात एकही हप्ता चुकलेला नाही. त्यातून पैठण्या झाल्या, फ्रिज झाले, एका घरचं अर्धं मंगळसूत्र झालं. मग पुरुषांनी संकल्पांची भिशी का काढू नये? प्रत्येकाने आपला नेम जाहीर करायचा, चुकला की खाड्यामागे पन्नास रुपये डब्यात.

पहिल्या आठवड्यातच काहीतरी बिनसल्याचं माझ्या लक्षात आलं. एरवी टेकडी चुकली की मला दिवसभर चुटपुट लागायची. आता मी झोपेतच पन्नास रुपये मनाशी मोजायचो आणि निर्धास्तपणे कूस बदलायचो. बाकीच्यांचंही तेच. इस्रायलमधल्या हायफा शहरात पाळणाघरांवर हाच प्रयोग झालेला आहे. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी यांनी तो २००० साली प्रसिद्ध केला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशिरा येणारे जवळजवळ दुप्पट झाले. आधी ताई ताटकळल्याची लाज वाटायची. आता त्याचे पैसे भरलेले होते. पुढे दंड काढून टाकला, तरी लाज काही परत आली नाही.

महिनाअखेरीला डबा फोडला तेव्हा रक्कम घसघशीत निघाली. तिचं काय करायचं यावर एकमत व्हायला अर्धा मिनिट लागला नाही. टेकडीच्या पायथ्याशी एक मिसळ मिळते. त्या रविवारी आमची अख्खी भिशी पहिल्यांदाच सकाळी टेकडीपर्यंत पोहोचली. तर्री वेगळी मागवली.

बायकांची भिशी का चालते हे मी नंतर बायकोला विचारलं. ती म्हणाली, “त्यात दंड कुठाय? चिठ्ठी निघाली की त्या दिवशी कोणाच्या तरी हातात पैसे पडायचे असतात. तिने सोनाराला शब्द दिलेला असतो. आपण नाही दिले तर तीच उद्या लिफ्टमध्ये भेटणार.” एवढं बोलून ती भाजी फोडणीला टाकायला गेली. यावर एखादा अर्थशास्त्राचा ग्रंथ नक्की निघेल, पण तो तिच्याच्याने होणार नाही, कारण तिला डबे भरायचे असतात.

मेव्हण्याने अजून धीर सोडलेला नव्हता. “दाजी, फक्त २१ दिवस रेटा. मग सवयच लागते.” हा २१ चा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनचा. नाक बदललेल्या रुग्णाला आरशातल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान तीन आठवडे लागतात असं त्याने पाहिलं आणि १९६० साली पुस्तकात लिहिलं. लोकांनी त्यातला ‘निदान’ गाळला, नाक गाळलं आणि आकडा तेवढा ठेवला. पुढे लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना एकेक नवी सवय लावून घ्यायला सांगितली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मध्यावरचा आकडा निघाला ६६ दिवसांचा. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाचा हिशेब २५४ पर्यंत लांबला. पण त्यातली मला सर्वांत प्रिय गोष्ट निराळी आहे: मध्येच एखादा दिवस चुकला, तरी सवय जडण्यात विशेष फरक पडला नाही.

हे मी सासूबाईंना मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्या वाती वळता वळता म्हणाल्या, “मग? हात दुखला त्या दिवशी मी ठेवलंच होतं की. दुसऱ्या दिवशी परत बसायचं. काल झालं नाही म्हणून आज रडत बसलं, तर दोन दिवस गेले ना, जावईबापू.” त्या दिवशीच्या मालिकेत नायिका विषातून वाचली होती, त्यामुळे त्या खुशीत होत्या.

लाख वाती कार्तिकीच्या चार दिवस आधी झाल्या. राखून ठेवलेले सगळे दिवसही लागले नाहीत. उद्यापनाला आम्ही सगळे वाईला गेलो. काठाकाठाने जुड्या रचलेली परात घाटावरच्या देवळात ठेवली, तूप ओतलं आणि सासूबाईंनी पहिली जुडी पेटवली. पाहता पाहता ज्वाळा इतकी वर गेली की पुजाऱ्यांनी लगबगीने तोरण काढून घेतलं. मेव्हण्याने व्हिडिओ काढला. तेवढ्यात माझ्या फोनवर बायकोच्या मैत्रिणीचा निरोप आला की दूधवाला विचारत होता, साहेब गावाला गेलेत तर त्यांचा खाडा धरायचा का.

लाडू वाटून झाले. मेव्हण्याने लॅपटॉप नव्हता म्हणून फोनवरच शीट उघडली आणि आईच्या ओळीपुढे हिरवा रंग भरला. चेहरा उजळला होता त्याचा.

“आई, एक लाख डन! पुढच्या वर्षी दोन लाखांचं टार्गेट ठेवू या. मी आत्ताच रोजचा आकडा काढून देतो.”

“कशाला रे?” सासूबाई परात कलती करून उरलेलं तूप बघत म्हणाल्या. “देवाकडे काय लाइट गेलेत?”